'मागच्यासारखंच' लिहायचं बंद: लॅबची वही ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर नेताना

एकदा वेस्टर्न ब्लॉटची (अँटिबॉडी वापरून सँपलमधलं एखादं प्रोटीन पट्ट्यासारखं, म्हणजे बँड म्हणून, दाखवणारी चाचणी) अख्खी मेंब्रेन काळी आली, बँड कुठला नि बॅकग्राउंड कुठलं काही कळेना, आणि हाच ब्लॉट चार महिन्यांपूर्वी माझ्याच हातून एकदम स्वच्छ आला होता. वही काढली. त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात 'ब्लॉकिंग मागच्यासारखंच' (ब्लॉकिंग म्हणजे अँटिबॉडी मेंब्रेनला भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी ती दूध किंवा तसल्या प्रोटीनमध्ये भिजवणं). मागचं पान काढलं तर तिथे 'सीनियरच्या वहीप्रमाणे, पान ६२'. ती वही कपाटात सापडली हेच नशीब, पण पान ६२ वर काय, तर 'नेहमीचं'. बास. सीनियर लॅब सोडून गेलेला, त्याला मेसेज टाकला, उत्तर आलं की बहुतेक बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) होतं पण दूधही असेल, नक्की आठवत नाही. अँटिबॉडी फॉस्फो प्रोटीनची, म्हणजे फॉस्फेट चिकटलेल्या प्रोटीनची, आणि दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फोप्रोटीन, म्हणजे दूध की बीएसए याने फरक पडणारच होता. दोन आठवडे त्यात गेले.

त्यानंतर आम्ही लॅबची वही कंप्युटरवर नेली, ईलॅबएफटीडब्ल्यू नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावून. यात इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुक कशी उभी करायची, पहिल्या आठवड्यात काय करायचं आणि कुठे हमखास माती खाल्ली जाते ते सगळं लिहितोय. इन्स्टॉलेशनपेक्षा आतली मांडणी यावर जास्त लिहिलंय कारण इन्स्टॉल अर्ध्या दिवसात होतं, मांडणी चुकली तर सहा महिन्यांनी कळतं.

आधी कुठलं घ्यायचं ते

सगळ्यांना एकच चालेल असं नाही. तुमचं काम रसायनशास्त्राचं असेल, दिवसभर रिॲक्शन काढायच्या, स्ट्रक्चर काढून मोल किती ग्रॅम किती हे बघायचं, तर जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बनलेलं केमोशन बघा, ते त्याच कामासाठी बनवलंय. झुरिकच्या ईटीएचचं ओपनबिस हे नोटबुक कमी आणि डेटा मॅनेजमेंट जास्त, म्हणजे सँपलची वंशावळ, कुठल्या सँपलपासून कुठलं निघालं हे ठेवायला मजबूत, पण शिकायला वेळ घेतं. मटेरियल सायन्सवाल्यांसाठी कार्ल्सरूहेचंच काडी-फोर-मॅट आहे. सायनोट आहे, आरस्पेस आहे (हा आधी बंद कोडचा होता, नंतर खुला केला). बेंचलिंगचं नाव सगळे घेतात पण ते ओपन सोर्स नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, हे लक्षात ठेवा.

आणि काही जण म्हणतात ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे की, वेगळं कशाला. ज्युपिटर ॲनालिसिससाठी उत्तम, पण मायनस ऐंशीच्या फ्रीजरमध्ये कुठल्या डब्यात काय ठेवलंय आणि आज ट्रान्सफर करताना लाईट गेली हे तुम्ही ज्युपिटरमध्ये लिहिणार नाही. दोन्ही ठेवा, एकातून दुसऱ्याचा पत्ता द्या.

बाकी बायोलॉजी, फिजिक्स, मिक्स लॅब अशा सगळ्यांना चालेल असं सर्वसाधारण म्हणून मी ईलॅबएफटीडब्ल्यू सुचवतो. पॅरिसच्या इन्स्टिट्यूट क्युरीमध्ये निकोलस कार्पी यांनी ते सुरू केलं, २०१७ मध्ये त्यावर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये पेपर आला. लायसन्स एजीपीएल व्हर्जन तीन, म्हणजे वापरायला पैसे नाहीत, किती युजर यावर बंधन नाही, कोड बदलून लोकांना सर्व्हरवरून वापरायला दिलात तर बदललेला कोडही द्यायचा ही मुख्य अट. पुढे मी त्याला नुसतं ईलॅब म्हणेन, दर वेळी एवढं लांब नाव टाइप करायचा कंटाळा येतो.

इन्स्टॉल करण्याआधी त्यांची डेमो साइट आहे तिथे तासभर खेळा. त्यावर खरा डेटा टाकू नका, ती सगळ्यांसाठी उघडी असते.

सर्व्हर उभा करणं

मनावर दगड ठेवून सांगतो, स्वतःच्या लॅपटॉपवर चालवू नका. ट्राय करायला ठीक, पण दहा जणांची वही एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये म्हणजे तो माणूस सुट्टीवर गेला की वही पण सुट्टीवर. इन्स्टिट्यूटच्या आयटीकडून एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन मागा, काही भारी लागत नाही, डिस्क तेवढी सैल ठेवा आणि नंतर वाढवता येईल अशी ठेवा.

ईलॅब डॉकरवर चालतं, म्हणजे सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवायची सोय. दोन कंटेनर असतात, एकात वेब ॲप्लिकेशन, दुसऱ्यात मायएसक्यूएल डेटाबेस, आणि सगळी सेटिंग एका वायएएमएल फाइलमध्ये (साधी मजकुराची सेटिंग फाइल). त्यांची स्वतःची एक छोटी स्क्रिप्ट मिळते, इलॅबसीटीएल नावाची, ती उतरवून इन्स्टॉल म्हटलं की ती सेटिंगची फाइल आणून ठेवते, मग ती फाइल उघडून वाचायची, बदलायची, स्टार्ट करायचं, आणि त्यानंतर डेटाबेसची टेबलं बनवणारी एक कमांड एकदाच चालवायची. कमांड अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करा, कुणाच्या जुन्या पोस्टमधून नको, कारण व्हर्जननुसार कमांड बदलल्यात आणि जुनी कमांड नव्या व्हर्जनवर चालवून तासभर घालवलेले लोक मला माहीत आहेत (त्यात मीपण).

त्या वायएएमएल फाइलमध्ये चार गोष्टींकडे नीट बघा. साइटचा पूर्ण पत्ता, हा चुकला तर लॉगिन करून पण विचित्र एरर येतात. डेटाबेसचा पासवर्ड. सिक्रेट की, हिने डेटाबेसमध्ये ठेवलेले पासवर्डसारखे प्रकार, उदाहरणार्थ ईमेल सर्व्हरचा पासवर्ड, एन्क्रिप्ट होतात, म्हणून ही फाइल बॅकअपमध्ये असलीच पाहिजे. आणि टाइमझोन. नमुना फाइलमध्ये टाइमझोन पॅरिसचा असतो! सॉफ्टवेअर तिथलं आहे म्हणून, दुसरं काही नाही. तो बदलला नाहीत तर तुमच्या सगळ्या नोंदींवर पॅरिसची वेळ पडेल आणि रात्री अकराला केलेलं रीडिंग भलत्याच वेळेला दिसेल, मग सांगत बसा गाईडला.

एचटीटीपीएस लागतंच, सर्टिफिकेट आयटीवाल्यांकडून घ्या. इन्स्टिट्यूटचं सिंगल साइन-ऑन (एकाच पासवर्डने सगळीकडे लॉगिन) असेल तर एसएएमएल किंवा एलडॅप जोडता येतं, पण पहिल्या दिवशी त्यात शिरू नका, आधी साध्या अकाउंटनी चालू करा.

सर्व्हर चालू झाला की पहिलं अकाउंट जो काढतो तो आपोआप सिसॲडमिन होतो. म्हणून लिंक लॅबच्या ग्रुपवर टाकण्याआधी स्वतः अकाउंट काढा, हसू नका, कुणीतरी उत्साही ज्युनियर पहिला घुसतो आणि मग अख्ख्या सर्व्हरचा मालक तो. त्यानंतर ईमेलची सेटिंग करून एक टेस्ट मेल पाठवून बघा. हे राहिलं तर पासवर्ड विसरलेल्यांना रिसेटचा मेल जाणार नाही आणि ते सगळे तुमच्या टेबलापाशी येणार. पासवर्डबरोबर मोबाइलवरच्या सहा आकडी कोडचं दुहेरी लॉगिन पण आहे, निदान ॲडमिन मंडळींना ते सक्तीचं करा.

लिंक आणि कॉपी, इथे सगळी मेख आहे

आता महत्त्वाचं. ईलॅबमध्ये मुख्य तीन प्रकार. एक्सपेरिमेंट, म्हणजे तुम्ही त्या दिवशी काय केलंत. रिसोर्स, म्हणजे लॅबमध्ये ज्या वस्तू आहेत त्या, अँटिबॉडी, प्लाझ्मिड, सेल लाइन, केमिकल, मशीन, काहीही. आणि टेम्प्लेट, म्हणजे एक्सपेरिमेंटचा कोरा साचा.

टेम्प्लेटवरून एक्सपेरिमेंट काढलं की साच्यातला मजकूर त्यात कॉपी होतो. पुढे साचा बदललात तरी जुन्या एक्सपेरिमेंटला धक्का लागत नाही, जे त्या दिवशी होतं ते तसंच राहतं. बरोबर उलट, रिसोर्स हा एक्सपेरिमेंटला लिंक होतो. लिंक जिवंत असते. रिसोर्समध्ये काही बदललं की जुन्या एक्सपेरिमेंटवरून क्लिक करून गेलात तर बदललेलंच दिसणार.

वाचायला साधं वाटतं ना, पण यात आम्ही पहिल्याच महिन्यात फसलो. फॉस्फो-ईआरकेची (ईआरके हे सेलमधलं एक प्रोटीन) अँटिबॉडी म्हणून एक रिसोर्स बनवला, त्यात लॉट नंबरचा, म्हणजे कंपनीच्या कुठल्या खेपेतली बाटली त्याचा, रकाना. बाटली संपली, नवीन आली, एकाने चांगल्या मनाने रिसोर्स उघडून लॉट नंबर बदलला. झालं. आधीचे अकरा ब्लॉट आता सगळे नव्या लॉटकडे बोट दाखवायला लागले, जो लॉट त्या दिवशी लॅबमध्ये आलेलाच नव्हता. बदलाची नोंद सिस्टिममध्ये राहते म्हणून शोधून काढता आलं, पण शोधायचं हे कुणाला सुचलं पाहिजे ना आधी.

म्हणून नियम असा: जी वस्तू संपते आणि बदलते तिचा प्रत्येक लॉट हा वेगळा रिसोर्स. नवीन बाटली आली की जुन्या रिसोर्सची कॉपी करायची, बटण आहे त्याला, लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख बदलायची, जुन्याला 'संपली' असं स्टेटस द्यायचं आणि डिलीट करायचं नाही. जी वस्तू बदलत नाही, समजा सेंट्रिफ्यूज, तिचा एकच रिसोर्स, आणि कॅलिब्रेशन झालं की खाली तारखेसकट ओळ वाढवायची. सेल लाइनचं मधलं आहे, लाइन एक रिसोर्स आणि प्रत्येक थॉ केलेली (फ्रीजरमधून काढून वितळवलेली) व्हायल वेगळा रिसोर्स जो मूळ लाइनला लिंक, पॅसेज नंबर (सेल किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) एक्सपेरिमेंटमध्येच लिहायचा कारण तो दर आठवड्याला बदलतो.

तुम्ही अजून एकही एक्सपेरिमेंट लिहिलं नसेल तर उत्तम, आधी रिसोर्स भरा. सगळी लॅब नाही, मरून जाल. या महिन्यात हात लागणाऱ्या वीस-पंचवीस गोष्टी भरा, बाकीच्या लागतील तशा. एक्सेलमध्ये यादी असेल तर सीएसव्हीमधून एकदम चढवता येते. प्रत्येक कॅटेगरीला स्वतःचे रकाने देता येतात, तारीख, आकडा, ड्रॉपडाउन वगैरे, आणि मोह होतो की अठरा रकाने करू. करू नका. अँटिबॉडीला आम्ही सहा ठेवलेत: कुठल्या प्राण्यातली, कॅटलॉग नंबर, लॉट, उघडल्याची तारीख, कुठे ठेवलीय, आणि कुठल्या डायल्यूशनला चालली. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त वापरला जातो, कंपनीच्या पत्रकात १:१००० लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे १:२००० ला छान येतं हे त्यातूनच कळतं.

टेम्प्लेट कसं लिहायचं

चांगलं टेम्प्लेट म्हणजे पूर्ण प्रोटोकॉल, आकड्यांसकट, आणि जिथे आकडा दर वेळी बदलतो तिथे रिकामी जागा. 'ब्लॉकिंग करा' असं नाही. '५ टक्के बीएसए, टीबीएस-ट्वीनमध्ये, रूम टेंपरेचरला ६० मिनिटं, बनवल्याची तारीख: ____' असं (टीबीएस-ट्वीन हे ब्लॉटला वापरायचं बफर). मग माणूस आळशी असला, सगळे असतातच, आणि काहीच टाइप केलं नाही तरी दूध की बीएसए हा प्रश्न सहा महिन्यांनी उरत नाही, कारण तो मजकूर कॉपी होऊन त्या दिवसाच्या नोंदीत बसलेला असतो. 'मागच्यासारखंच' या शब्दाचा जीव इथेच जातो.

पायऱ्या वेगळ्या देता येतात, चेकबॉक्ससारख्या, आणि टिक केली की ती कधी पूर्ण झाली ती वेळ आपोआप पडते. याचा फायदा मला फार उशिरा कळला. प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर म्हणजे नक्की किती तास? टिकच्या वेळा बघितल्या तर एका ब्लॉटला चौदा, एका ब्लॉटला एकवीस. वहीत दोन्ही 'ओव्हरनाइट'. अर्थात टिक त्या त्या वेळी केली तरच, संध्याकाळी बसून सगळ्या एकदम टिक करणाऱ्यांचं देव पण काही करू शकत नाही.

टेम्प्लेटच्या नावात आवृत्ती टाका, 'वेस्टर्न ब्लॉट, आवृत्ती ३', आणि मजकुरात पहिल्याच ओळीत पण. कारण मजकूर कॉपी होतो तेव्हा ती ओळही जाते आणि कुठल्या आवृत्तीवरून काढलं ते नोंदीत दिसतं.

एक खरी नोंद कशी दिसते

शीर्षक: 'फॉस्फो-ईआरके ब्लॉट, हेला, ईजीएफ ० ५ १५ ३० मिनिटं, रिपीट २' (हेला ही सेल लाइन, ईजीएफ हे सेलना दिलेलं ग्रोथ फॅक्टर प्रोटीन, आकडे ते किती मिनिटं दिलं त्याचे). नुसतं 'वेस्टर्न' असं शीर्षक दिलेली नोंद शोधून सापडत नाही, आमच्याकडे अशा चाळीस आहेत पहिल्या महिन्यातल्या.

मग एक ओळ, का करतोय: 'रिपीट १ मध्ये १५ मिनिटांची लेन फाटली होती म्हणून परत'. मग टेम्प्लेटमधून आलेला प्रोटोकॉल. मग लिंक केलेले रिसोर्स, दोन अँटिबॉडी, सेलची व्हायल, इमेजिंगचं मशीन. मजकुरात लिहिताना # हे चिन्ह टाकून नाव टाइप करायला लागलं की जुन्या नोंदी सुचवल्या जातात, तिथल्या तिथे लिंक होते.

मग सगळ्यात किमती भाग, काय वेगळं झालं. 'ट्रान्सफर ९० ऐवजी ७० मिनिटं, पॉवर सप्लाय मध्येच बंद पडला, परत लावला नाही.' (ट्रान्सफर म्हणजे प्रोटीन जेलमधून मेंब्रेनवर नेणं.) 'लेन ४ खाली बुडबुडा.' ही दोन वाक्यं प्रोटोकॉलच्या तीस ओळींपेक्षा जास्त कामाची. आमच्या टेम्प्लेटमध्ये 'काय वेगळं झालं' असं हेडिंगच आहे आणि ते रिकामं ठेवायचं नाही, काही नसेल तर 'काही नाही' असं टाइप करायचं, म्हणजे विसरला की खरंच काही नव्हतं ते कळतं.

मग फोटो, ड्रॅग करून टाका, मूळ फाइल टाका, स्क्रीनशॉट नको. अपलोड झालेल्या फाइलचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, बोटांच्या ठशासारखा) सिस्टिम काढून ठेवते म्हणजे फाइल नंतर बदलली का ते तपासता येतं. शेवटी निष्कर्ष एक-दोन ओळी आणि स्टेटस. स्टेटसमध्ये 'फेल' हा पर्याय आहे तो वापरा हो. लाज वाटते म्हणून सगळे 'रनिंग'वर ठेवतात आणि वर्षाने बघावं तर लॅबमध्ये तीनशे एक्सपेरिमेंट अजून चालूच आहेत.

टॅगबद्दल थोडक्यात: एकाने 'वेस्टर्न' टॅग केला, दुसऱ्याने 'वेस्टर्न ब्लॉट', तिसऱ्याने 'डब्ल्यूबी', की शोध गेला. ॲडमिनने दहा-बारा टॅग ठरवून द्यावेत आणि बाकीच्यांना नवीन टॅग बनवायला सेटिंगमधून बंदी घालावी. हुकूमशाही वाटेल, चालतंय.

बेंचवर प्रत्यक्ष

ग्लव्ह्ज घालून कीबोर्डला हात लावायचा नाही, ही अडचण खरी आहे आणि सॉफ्टवेअर ती सोडवत नाही. काही लॅब बेंचवर एक जुना टॅबलेट ठेवतात, प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त त्यासाठीच. माझं स्वतःचं असं की कागदाचा एक चिटोरा बेंचवर असतो, रीडिंग त्यावर, आणि लॅब सोडण्याआधी त्या चिटोऱ्याचा फोनवर फोटो काढून तो त्या दिवसाच्या नोंदीला जोडतो आणि मग टाइप करतो. उद्या टाइप करू असं म्हटलं तरी फोटो आजच. टाइप करताना ३.८ चं ८.३ झालं तर चिटोरा आहे साक्षीला.

मशीन बुकिंगचा कॅलेंडर ईलॅबमध्येच आहे, रिसोर्सला 'बुक करता येईल' असं केलं की झालं. खरं सांगतो, आमच्या लॅबमध्ये लोक नियमित लॉगिन करायला लागले ते वहीसाठी नाही, मायक्रोस्कोपचा स्लॉट मिळवायला. दरवाजावरचा बुकिंगचा कागद काढून टाकला आणि आठवड्यात सगळ्यांचे अकाउंट तयार. लॅबला सवय लावायची असेल तर ही युक्ती वापरा, भाषण देऊन काही होत नाही.

कोणाला काय दिसावं हे प्रत्येक नोंदीला ठरवता येतं. आमचं डिफॉल्ट असं: वाचायला अख्खी टीम, बदलायला फक्त लिहिणारा. 'फक्त मलाच दिसेल' ठेवण्याची सवय लागली की लॅबमध्ये परत दहा वेगळ्या वह्या, नुसत्या एकाच सर्व्हरवर.

लॉक, टाइमस्टँप आणि 'हे चालेल का' हा प्रश्न

नोंद पूर्ण झाली की लॉक करता येते, मग लॉक काढल्याशिवाय कुणी बदलू शकत नाही. त्यापुढे टाइमस्टँप. हा आरएफसी ३१६१ नावाच्या स्टँडर्डवर चालतो: नोंदीचा हॅश, म्हणजे तोच ठसा, बाहेरच्या टाइमस्टँप देणाऱ्या संस्थेकडे जातो, ती त्यावर वेळेसकट डिजिटल सही करून परत पाठवते. तुमचा डेटा बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, हे गाईडला आधी सांगा नाहीतर ते घाबरतात. यातून सिद्ध एवढंच होतं की हा मजकूर अमुक वेळी असाच अस्तित्वात होता. मजकूर खरा आहे हे सिद्ध होत नाही, ते कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही.

रोजच्या प्रत्येक नोंदीला टाइमस्टँप मारायची गरज नाही. पेपरमध्ये जाणारा आकडा, पेटंटशी संबंध असलेलं काही, पहिल्यांदा दिसलेला इफेक्ट, तिथे मारा.

डिलीट केलेली नोंद पण खरोखर पुसली जात नाही, नजरेआड होते. मजकुराच्या जुन्या आवृत्त्या राहतात, फक्त एक स्वल्पविराम बदलला म्हणून नवी आवृत्ती बनत नाही, किती अक्षरं बदलली की बनवायची ते ॲडमिन ठरवू शकतो.

एफडीएच्या (अमेरिकेची औषध नियामक संस्था) २१ सीएफआर भाग ११ या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमाबद्दल हमखास विचारतात, सॉफ्टवेअर त्यात बसतं का. तो नियम १९९७ पासूनचा आहे आणि त्यात नुसतं सॉफ्टवेअर नाही, तुमचं ट्रेनिंग, व्हॅलिडेशन, कोणाला काय अधिकार, लेखी पद्धती हे सगळं येतं. म्हणजे डाउनलोड केलं आणि बसलो नियमात असं होत नाही, क्वालिटीवाल्यांबरोबर बसावं लागतं. साध्या संशोधनाच्या लॅबला एवढं लागत नाही. पण हवा त्याच दिशेने आहे, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने स्वतःच्या लॅबमधल्या नव्या नोंदी ३० जून २०२४ पर्यंत इलेक्ट्रॉनिक वहीत न्यायला सांगितल्या होत्या.

मोठ्या फाइली

मायक्रोस्कोपचा ४० जीबीचा स्टॅक वहीत टाकू नका. तो स्टोरेज सर्व्हरवर ठेवा, वहीत त्याचा पूर्ण पाथ, साइज आणि चेकसम (त्या फाइलचा हॅश) लिहा, सोबत एक छोटा जेपेग बघायला. आणि स्टोरेजवरच्या फोल्डरच्या नावात ईलॅबचा नंबर घाला, प्रत्येक नोंदीला तारखेने सुरू होणारा एक युनिक आयडी असतो. म्हणजे वहीतून डेटाकडे आणि डेटाकडून वहीकडे, दोन्ही बाजूंनी जाता येतं. एकाच बाजूने लिहिलेला पत्ता कुणीतरी फोल्डर हलवलं की मेलाच.

पायथन येणारा कुणी असेल तर एपीआय आहे, म्हणजे प्रोग्राममधून ईलॅबशी बोलायची सोय. प्लेट रीडरचं सीएसव्ही आलं की स्क्रिप्टने आपोआप एक्सपेरिमेंट बनवून फाइल जोडायची, हे एका दुपारचं काम आहे आणि हाताने कॉपी-पेस्टच्या चुका संपतात. एपीआयची की स्क्रिप्टमध्ये लिहून ती स्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुल्या गिट रिपॉझिटरीवर टाकू नका फक्त.

बॅकअप, म्हणजे रिस्टोर

तीन वस्तू जपायच्या: डेटाबेसचा डंप, अपलोड केलेल्या फाइलींचं फोल्डर, आणि ती वायएएमएल सेटिंग फाइल. तिन्हीपैकी एक नसली तरी वही अर्धवट. रोज रात्री आपोआप, आणि दुसऱ्या मशीनवर, त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणं हा बॅकअप नाही.

आणि रिस्टोर करून बघा. आमचा बॅकअप रोज रात्री इमानेइतबारे चालत होता, लॉगमध्ये सगळं हिरवं, आणि दुसऱ्या मशीनवर उभा करून बघितला तेव्हा कळलं की अपलोडचं फोल्डर त्यात नव्हतंच, पाथमध्ये एक अक्षर चुकलेलं. मजकूर सगळा होता, एकही फोटो नव्हता. नशीब ती नुसती तालीम होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक नोंद निवडतो ज्यात फोटो, लिंक आणि टाइमस्टँप तिन्ही आहेत, आणि रिस्टोर केलेल्या कॉपीत ती उघडून बघतो.

अपडेटचं पण असंच. रिलीज नोट्स वाचा, बॅकअप घ्या, डॉकर इमेजचा (ईलॅबच्या पॅकेजचा) व्हर्जन नंबर सेटिंगमध्ये बदला, आणि अपडेटनंतर डेटाबेस अपडेट करायची कमांड चालवायची असते ती विसरू नका. सोमवारी सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही. आणि हे काम कोणाचं ते नाव लिहून ठेवा, शिवाय दुसरं नाव पण, कारण पहिला माणूस पीएचडी संपवून जातो.

जाणाऱ्या माणसाचं काय

लॅब सोडताना प्रत्येकाने आपल्या नोंदी एक्सपोर्ट करून घ्याव्यात. पीडीएफ माणसाला वाचायला. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं असेल तर ईएलएन (इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुकचं लघुरूप) नावाचा फाइल फॉरमॅट आहे, ईएलएन कन्सॉर्शियम नावाच्या गटाने वेगवेगळ्या नोटबुकवाल्यांना एकत्र आणून बनवलेला. आत बघितलं तर साधी झिप फाइल, त्यात तुमच्या फाइली आणि आरओ-क्रेट (संशोधनाचा डेटा माहितीसकट बांधून ठेवायची खुली पद्धत) पद्धतीने लिहिलेली एक जेसन, म्हणजे मजकुराची फाइल, कुठली फाइल कशाची आहे ते सांगणारी. म्हणजे उद्या ईलॅब नाहीसं झालं तरी झिप उघडून वाचता येईल. हा एक मुद्दा मला विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त पटतो. मात्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करताना सगळे रकाने आणि लिंक जशाच्या तशा बसतील अशी खात्री धरू नका, पाच नोंदी आधी नेऊन बघा.

अकाउंट डिलीट करायचं नाही, अर्काइव्ह करायचं, नोंदी लॅबकडे राहतात. आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही एक गंमत करतो: जाणाऱ्याची कुठलीही एक नोंद ज्युनियरला देतो आणि जाणाऱ्याला प्रश्न न विचारता ती परत करायला सांगतो. जिथे ज्युनियर अडतो ती ओळ टेम्प्लेटमध्ये दुरुस्त होते. मागच्या वेळी अडला तो 'थोडं हलवा' या शब्दांवर, आता तिथे '५० आरपीएम, १० मिनिटं' आहे.